कुलगुरूंचा आठवडा आणि आपल्या मुलांचे वर्ष

कालिन्याच्या विद्यानगरीतून दर आठवड्याला बातम्या बाहेर पडतात. कुलगुरूंनी परदेशी शिष्टमंडळाशी चर्चा केली, अमुक संस्थेबरोबर सामंजस्य करार झाला, नव्या इमारतीचे भूमिपूजन पार पडले. सोबत शाल, पुष्पगुच्छ आणि सह्या केलेल्या फाइलींचा फोटो. घाटकोपरच्या रमाबाई नगरात किंवा मुलुंड, बोरिवलीच्या वस्त्यांत राहणारे आपण तो फोटो मोबाइलवर पाहतो आणि पुढे सरकवतो. त्याचा आपल्या मुलांच्या प्रवेशाशी काय संबंध, असे आपल्याला वाटते. संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे. म्हणून ही बातमी कशी वाचायची, ते आज समजून घेऊ.

आधी कुलगुरू म्हणजे कोण ते पाहू. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठे 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार चालतात. राज्यपाल हे कुलपती असतात आणि कुलगुरू हे विद्यापीठाचे प्रमुख शैक्षणिक व कार्यकारी अधिकारी. त्यांची मुदत पाच वर्षांची. मुंबई विद्यापीठात जून 2023 पासून प्रा. रवींद्र कुलकर्णी या पदावर आहेत. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असा सात जिल्ह्यांचा हा कारभार आहे. याच पदावर 2000 ते 2005 या काळात डॉ. भालचंद्र मुणगेकर होते, हे आपण अभिमानाने सांगतो. पण खुर्चीवर कोण बसले याच्याइतकेच त्या खुर्चीसमोर कोणते प्रश्न ठेवले जातात, हेही महत्त्वाचे असते.

आता करारांकडे वळू. सामंजस्य करार म्हणजे बहुतेक वेळा दोन संस्थांनी एकत्र काम करण्याची दाखवलेली तयारी. त्यात पैसा, जागा आणि विद्यार्थ्यांची संख्या लिहिलेली असेलच असे नाही. करारानंतर अभ्यासक्रमाचा विषय विद्या परिषदेकडे जातो, खर्चाचा आणि व्यवस्थेचा विषय व्यवस्थापन परिषदेकडे. खरे काम तिथे होते आणि तिथे फोटो निघत नाहीत.

परदेशी विद्यापीठांबरोबर पदवी देण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची 2022 ची नियमावली आहे. नॅकचे किमान 3.01 गुण असलेल्या भारतीय संस्थांना, समोरची संस्था जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात असेल तर, वेगळ्या परवानगीशिवाय असे अभ्यासक्रम सुरू करता येतात. मुंबई विद्यापीठाला 2021 मध्ये 3.65 गुणांसह ए प्लस प्लस श्रेणी मिळाली, म्हणून ही वाट त्याला मोकळी आहे. संयुक्त पदवीत दोन्ही संस्थांकडे किमान 30 टक्के श्रेयांक पूर्ण करावे लागतात. म्हणजे विद्यार्थी काही काळ परदेशात शिकणार. त्या काळाची फी, विमान आणि राहणे कोण देणार? आपल्या घरांसाठी पहिला प्रश्न हाच आहे.

भारत सरकार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना मिळते. त्यापुढच्या उत्पन्न गटाला फ्रीशिप. दोन्हींसाठी तो अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असावा लागतो आणि महाडीबीटीच्या यादीत दिसावा लागतो. नव्या, चकचकीत नावाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्याआधी एवढे तपासा. प्रवेश खिडकीवर कोणी तोंडी 'होईल' म्हटले, तर ते लेखी मागा. फी भरल्यावर यादीत नाव नसल्याचे कळले, की वर्षही जाते आणि कर्जही होते.

तिसरी गोष्ट परदेशी विद्यापीठांच्या स्वतःच्या परिसरांची. आयोगाच्या 2023 च्या नियमावलीने त्यांना भारतात दार उघडले. जून 2025 मध्ये मुंबईत झालेल्या कार्यक्रमात पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रे देण्यात आली. ब्रिस्टॉल विद्यापीठानेही मुंबईत येण्याची घोषणा केली. या परिसरांना प्रवेशाची पद्धत आणि फी स्वतः ठरवता येते. फी रास्त व पारदर्शक असावी, असे नियमावली म्हणते, पण तिच्यात आरक्षणाची अट नाही. गरजेनुसार शिष्यवृत्ती देता येईल असे म्हटले आहे, ती दिलीच पाहिजे अशी सक्ती नाही. शहरात नवे विद्यापीठ येणे वाईट नाही. पण सार्वजनिक विद्यापीठाची जागा त्याने घेतली आणि कालिन्यातील शिक्षकांच्या जागा रिकाम्याच राहिल्या, तर त्याची किंमत आधी आपली मुले मोजतील.

भूमिपूजनाच्या बातमीतही एक गोष्ट शोधा: वसतिगृह. मंडणगड, दापोली, कणकवलीहून आलेल्या मुलाला नातेवाइकांच्या दहा बाय दहाच्या खोलीत किती दिवस अभ्यास करता येणार? शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात मुंबईसाठी वर्षाला 60 हजार रुपये ठरलेले आहेत, म्हणजे महिन्याला पाच हजार. अंधेरी किंवा घाटकोपरमध्ये एवढ्यात काय भाडे आणि काय जेवण, हे वाचकांना सांगायला नको. म्हणून परिसरात उठणारी प्रत्येक नवी इमारत कशासाठी आहे, हे विचारणे हा आपला हक्क आहे.

हा हक्क बाबासाहेबांनी फार आधी ओळखला होता. 1927 मध्ये मुंबई कायदेमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना त्यांनी मागासलेल्या वर्गांना सिनेटमध्ये प्रतिनिधित्व हवे, असा आग्रह धरला. विद्यापीठाने केवळ परीक्षा घेऊ नये, शिकवावे, हेही त्यांनी विद्यापीठ सुधारणा समितीपुढे मांडले होते. पुढे 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि 1946 मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले. बाहेरून मागणी आणि आतून उभारणी, अशी दोन्ही कामे त्यांनी एकाच वेळी केली.

आज त्या सिनेटला आपण अधिसभा म्हणतो. तिची बैठक वर्षातून किमान दोनदा होते, अर्थसंकल्प तिच्यापुढे येतो आणि सदस्यांना प्रश्न विचारता येतात. तिच्यात नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा सदस्य निवडून जातात आणि त्यांत अनुसूचित जातीची एक जागा राखीव आहे. मात्र मत देण्यासाठी पदवी पुरत नाही, वेगळी नोंदणी करावी लागते. सप्टेंबर 2024 च्या निवडणुकीत सात जिल्ह्यांच्या या विद्यापीठात मतदार होते सुमारे 13 हजार. आपल्या प्रत्येक विहारात, प्रत्येक चाळीत मुंबई विद्यापीठाचे पदवीधर आहेत. त्यांतल्या कितींची नोंदणी झाली आहे? येत्या रविवारी वंदनेनंतर हा प्रश्न विचारून पाहा. हात फार कमी वर होतील, असा आमचा अंदाज आहे.

पाली भाषेला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले. आता तिच्या शिक्षणासाठी किती पदे आणि किती निधी, हे अधिसभेत कोणीतरी विचारायला हवे.

तेव्हा पुढच्या वेळी कुलगुरूंच्या भेटींची बातमी आली, की चार गोष्टी विचारा. या करारात जागा किती? फी किती? शिष्यवृत्ती लागू आहे का? आणि राहायची सोय काय? उत्तर बातमीत नसेल तर विद्यापीठाला पत्र लिहा, माहिती अधिकारात अर्ज करा. आणि घरात पदवीचे प्रमाणपत्र कपाटात पडले असेल, तर ते बाहेर काढून पदवीधर म्हणून नोंदणी करा.