जामीनदारांची यादी कोणाच्या हाती?

संगणकावरून बँकेचे व्यवहार करणारा कारकून पलीकडे आपलीच बँक आहे, असे गृहीत धरतो. या गृहीताच्या मुळाशी विंडोजसारख्या कार्यप्रणालीतील मूळ प्रमाणपत्रांची यादी असते. यादीतील कोणत्याही संस्थेने, अथवा तिने अधिकार दिलेल्या दुय्यम संस्थेने, एखाद्या संकेतस्थळाची ओळख पटवली की संगणक ती निमूटपणे मानतो. जामीनदार पुष्कळ, आणि त्यांतील एकाचीच सही पुरेशी! गावच्या सावकारानेही असा व्यवहार केला नसता.

भारताला याचा प्रत्यय जुलै २०१४ मध्ये आला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये नेमलेल्या प्रमाणन नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते. त्यांच्या अधिकाराखालील राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राकडून गूगल व याहू यांच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली. नियंत्रकांनी केंद्राची प्रमाणपत्रे तातडीने रद्द केली. सदोष प्रमाणपत्रे चारच, असेही कळवले. गूगलला मात्र आणखीही आढळली होती. फायरफॉक्स वापरणारे बचावले; ते सावध होते म्हणून नव्हे, तर त्याच्या स्वतंत्र यादीत भारतीय नियंत्रक नव्हतेच म्हणून.

पुढचा भाग अधिक बोचरा आहे. गूगलने आपल्या क्रोममध्ये नियंत्रकांची मान्यता सात नावांपुरती आखडली. संसदेच्या कायद्याने उभ्या केलेल्या अधिकाराला एका परदेशी कंपनीने कुंपण घातले. पण तक्रार कोणत्या तोंडाने करावी? चूक घरचीच होती.

यादी वापरणाऱ्यालाही बदलता येते, अर्थात कागदोपत्री. विंडोजमध्ये नुसते पुसलेले मूळ प्रमाणपत्र गरज पडताच आपोआप परत येऊ शकते. ते अविश्वसनीय प्रमाणपत्रांच्या खात्यात मुद्दाम टाकावे लागते.