जहाजावरील अन्नातील मीठ : समज आणि वस्तुस्थिती

छत्रपती संभाजीनगरापासून अरबी समुद्र शेकडो किलोमीटर दूर असला, तरी अलीकडे या शहराचा जहाजांशी दोन वाटांनी संबंध जडला आहे. मौलाना आझाद एज्युकेशनल ट्रस्टने १९८९ साली रौझाबागेत काढलेल्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेमुळे भटारखान्याचा व्यवसाय हा इथल्या तरुणांना प्रतिष्ठेचा आणि जहाजांवरून देशोदेशी नेणारा मार्ग वाटू लागला, ही त्यांतली एक वाट. आणि मुंबईहून गोव्याकडे किंवा सिंगापूरहून पूर्वेकडे जाणाऱ्या क्रूझवर सहकुटुंब चढण्याची ऐपत आणि हौस मध्यमवर्गात आली, ही दुसरी. अशा प्रवासाहून परतलेल्या मंडळींच्या बोलण्यात जेवण खारट होते, तहान भागत नव्हती, पायांना सूज आली, अशा तक्रारी ऐकू येतात, आणि त्यांची जी कारणे आत्मविश्वासाने सांगितली जातात ती बहुधा चुकीची असतात. रक्तदाब आणि मूत्रपिंड यांच्याशी ज्याचा इतका निकटचा संबंध आहे, त्या मिठाविषयी असे अज्ञान राहू देणे मला उचित वाटत नाही.

पहिला समज असा की जहाजावर स्वयंपाक समुद्राच्या पाण्यात होतो. एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. अशा पाण्यात शिजवलेला भात घशाखाली उतरणार नाही. पूर्वी जहाजे बंदरातून गोडे पाणी भरून घेत. आजची मोठी प्रवासी जहाजे, बंदरात पाणी घेत असली तरी, समुद्रजलाचे ऊर्ध्वपातन करून किंवा सूक्ष्म पडद्यातून ते दाबाने गाळून, आपल्या गरजेचे बरेचसे पाणी स्वतःच तयार करतात. ऊर्ध्वपातनात इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर, हवेचा दाब कमी केलेल्या भांड्यात, पाण्याची वाफ करून ती पुन्हा थंड केली जाते. वाफेबरोबर मीठ जात नाही, ते मागे खाऱ्या द्रावात राहून परत समुद्रात जाते. तयार झालेले पाणी इतके निःक्षार असते की पिण्यापूर्वी त्यात काही खनिजे मुद्दाम मिसळावी लागतात.

दुसरा समज, जहाजावर चव मंदावते म्हणून मीठ जास्त घालावे लागते हा, विमानावरून उचललेला आहे. विमानात चव मंदावते हे खरे, आणि जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने २०१०च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत मिठाची जाणीव २० ते ३० टक्क्यांनी घटलेली आढळली होती. परंतु त्याचे कारण म्हणजे उंचीमुळे कमी झालेला हवेचा दाब आणि अतिशय कोरडी हवा. जहाज समुद्रसपाटीवर, भरपूर आर्द्रतेत चालते. तेथे जिभेला अधिक मीठ लागण्याचे शास्त्रीय कारण नाही.

मग जेवण खारट का? याचे उत्तर समुद्रात नसून मोठ्या प्रमाणावर चालणाऱ्या कोणत्याही मुदपाकखान्यात आहे, आणि त्यासाठी आपल्या शहराबाहेर जाण्याचीही गरज नाही. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी शहराजवळच्या देवगिरीस आणली तेव्हा त्याच्या लष्कराबरोबर आला, असे ज्याच्याविषयी परंपरेने सांगितले जाते, तो नान आणि मटणाच्या रश्शाचा नान-खलिया आजही लग्नकार्यात देगा चढवून रांधला जातो. ज्या देगेतला रस्सा तासन्तास मंद आचेवर राहतो, त्यातले पाणी उडते आणि मीठ जागच्या जागी राहते. म्हणून पहिल्या पंगतीस बेताचा वाटलेला रस्सा शेवटच्या पंगतीस खारट लागतो, आणि आचाऱ्याने वरून चिमूटभरही मीठ टाकलेले नसते. क्रूझवरील बुफेत गरम पाण्यावर ठेवलेल्या परातींची हीच कथा. त्यात भर पडते ती दूरवरच्या प्रवासासाठी साठवलेल्या जिनसांची : हॅम, सॉसेज, चीज, डबाबंद सूप, लोणची. यांत मीठ चवीसाठी असते तसेच टिकावासाठीही असते, म्हणून ते कमी करण्याची तजवीज आचाऱ्याच्या हाती उरत नाही.

सर्वांत घातक समज मात्र असा की जे खारट लागत नाही त्यात मीठ नसते. पावाच्या भट्टीचा सर्वसाधारण दंडक १०० ग्रॅम मैद्यास दीड ते दोन ग्रॅम मिठाचा आहे. म्हणजे तेवढ्या मैद्याच्या चार-पाच कापांत, त्यांवर लोण्याचा स्पर्शही होण्यापूर्वी, जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला सांगितलेल्या पाच ग्रॅमांच्या मर्यादेतील जवळजवळ तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक संपतो. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमांहून अधिक मिठाइतके सोडियम असते. बाधा करणारा घटक सोडियम असल्यामुळे, पापडातला पापडखार आणि बिस्किटांतला सोडा हेही त्याच हिशेबात धरावे लागतात, जरी त्यांची चव मिठासारखी नसली.

उपवासाच्या दिवशी क्रूझवर सोबत नेलेले सैंधव निर्धोक मानण्याची चूक अनेक सुशिक्षित घरांत होते. सैंधवाचाही बहुतांश भाग सोडियम क्लोराइडच असतो, उलट त्यात बहुधा आयोडीन घातलेले नसते. भारतात थेट मानवी आहारासाठी आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीवर २००६पासून बंदी आहे, ती गलगंडाच्या निवारणासाठी, हे विसरू नये.

पायांच्या सुजेला समुद्राची हवा जबाबदार धरतात. जास्त मीठ घेतल्यावर शरीर ते पातळ ठेवण्यासाठी पाणी धरून ठेवते, आणि त्यातच तासन्तास पाय लोंबते ठेवून बसणे आले, तर सूज दिसते. ती टिकून राहिली, एकाच पायास आली किंवा दम लागू लागला, तर जहाजावरील वैद्यास दाखवण्यात दिरंगाई करू नये.

रक्तदाबाच्या प्रवाशाने उपाशी राहण्याचे कारण नाही. अनेक क्रूझ कंपन्या आधी कळवल्यास कमी मिठाचे जेवण देतात. ही सूचना आरक्षणाच्या वेळीच द्यावी, कारण एकदा शिजलेल्या रश्शातून मीठ काढता येत नाही. समोर करून मिळणारी अंडी, भाजलेली मासळी, साधा भात, फळे आणि कोशिंबिरीवर सॉसऐवजी लिंबू, ही निवड नेहमीच हाती असते. मात्र 'कमी सोडियमचे' म्हणून विकले जाणारे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी सामानात टाकू नये. त्यात पोटॅशियम क्लोराइड असते, आणि ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत किंवा ज्यांच्या रक्तदाबाच्या काही औषधांनी शरीरातील पोटॅशियम आधीच वाढते, त्यांच्या हृदयाची लय त्याने बिघडू शकते.