फलुसाची प्रत
मूर्तजा निजामशहाच्या अमदानीतील (१५६५–१५८८) तांब्याचा फलूस ज्या नगरकराच्या संग्रही असेल, त्याने तो प्रमाणीकरणास देण्यापूर्वी चिंच-राखेने घासून लखलखीत करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण शतकानुशतके धातूवर चढलेला हिरवट-काळपट थर हा त्याच्या प्राचीनत्वाचा साक्षीदार असून, घासलेल्या नाण्यास परीक्षक बहुधा अंक न देता नुसता ‘साफ केलेले’ असा शेरा मारतात. एरवी ते वजन, ठशाची ठेवण आणि अक्षरांची झीज भिंगाखाली न्याहाळून, विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकाने १९४९ साली मूळ तेथील तांब्याच्या सेंटांकरिता योजलेल्या १ ते ७० अंकांच्या श्रेणीत नाण्याची प्रत ठरवितात व ते पारदर्शक डबीत मोहोरबंद करतात. हातोड्याने ठोकलेल्या नाण्यावर ठसा क्वचितच पुरता उमटे. म्हणून टांकसाळीचे नाव अर्धेच दिसले, तर ती झीज मानू नये.

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यान्वये खासगी व्यक्तीस देशाबाहेर धाडताच येत नाही, तेव्हा परीक्षा देशातच करवावी. नांगरटीत सापडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज तर १८७८ च्या कायद्यानुसार प्रथम कलेक्टरांस कळविलाच पाहिजे.