मतदाराचे निष्ठांतर : बुलढाणा जिल्ह्यावरून काही विचार

निवडणुकीचा निकाल लागला की 'मतदार फिरला' असे सहज म्हटले जाते. पराभूत पक्षाकडून 'मतदार विकला गेला' असाही आरोप होतो. ही विधाने शास्त्रीय कसोटीस कितपत उतरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात बुलढाणा जिल्ह्यातील २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या आधारे करावयाचा आहे.

निष्ठा ही एकेरी वस्तू नव्हे. मतदार एकाच वेळी पक्ष, चिन्ह, उमेदवार आणि आघाडी यांच्याशी बांधलेला असतो. सामान्य काळात हे चारही धागे एकाच दिशेने ओढतात, म्हणून ते वेगवेगळे दिसत नाहीत. जून २०२२ मध्ये शिवसेनेत व जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये फूट पडली. पुढे निवडणूक आयोगाने धनुष्यबाण शिंदे गटास आणि घड्याळ अजित पवार गटास दिले. त्यामुळे हे धागे सुटे झाले आणि अभ्यासकास ते निरखण्याची दुर्मिळ संधी लाभली.

सिंदखेड राजा मतदारसंघाचे उदाहरण बोलके आहे. २०१९ मध्ये राजेंद्र शिंगणे तेथे घड्याळ या चिन्हावर निवडून आले. २०२४ मध्ये ते तुतारी घेऊन उभे राहिले. घड्याळ मनोज कायंदे यांच्याकडे होते आणि कायंदे ४,६५० मतांनी विजयी झाले. येथे शिंगणे यांच्याशी एकनिष्ठ राहणाऱ्यास चिन्ह सोडावे लागले, तर चिन्हाशी एकनिष्ठ राहणाऱ्यास शिंगणे यांना सोडणे भाग होते. यांपैकी 'फिरलेला' मतदार कोणता? शिवाय महायुतीच्या धनुष्यबाणाचाही उमेदवार रिंगणात असल्याने आघाडीवरील निष्ठाही दुभंगली.

मेहकरात संजय रायमूलकर २००९, २०१४ व २०१९ असे तीनदा धनुष्यबाणावर विजयी झाले होते. २०२४ मध्ये त्याच चिन्हावर ते मशालीच्या सिद्धार्थ खरात यांच्याकडून ४,८१९ मतांनी पराभूत झाले. बुलढाण्यात मात्र धनुष्यबाणाच्या संजय गायकवाड यांनी मशालीच्या जयश्री शेळके यांचा ८४१ मतांनी पराभव केला. फूट एकच, परंतु निकाल परस्परविरुद्ध. बुलढाण्यात अवघ्या ४२१ मतदारांनी बाजू बदलली असती, तर निकाल उलटला असता. एवढ्या अल्प फरकावरून संपूर्ण तालुक्याच्या मनाचा कौल सांगणे धाष्टर्याचे होईल.

मतदारास हलविणारी कारणे अर्थातच असतात. एप्रिल २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सोयाबीन व कापूस यांच्या भावाचा प्रश्न घेऊन अपक्ष उभे राहिलेले रविकांत तुपकर यांना सुमारे अडीच लाख मते पडली; विजयी प्रतापराव जाधव यांचे मताधिक्य २९,४७९ होते. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलमागे ४,८९२ रुपये असता बाजारभाव त्याखाली होता. दुसऱ्या बाजूस, विधानसभेपूर्वी लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये स्त्रियांच्या खात्यात जमा होऊ लागले. एकाच घरात अशा दोन विरुद्ध ओढी निर्माण होणे संभवनीय होते. १९४० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत लाझर्सफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील ईरी परगण्यात त्याच त्या मतदारांच्या वारंवार मुलाखती घेतल्या. परस्परविरोधी ओढींत सापडलेला मतदार आपला निर्णय लांबणीवर टाकतो, असे त्यांना आढळून आले.

परंतु येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मतमोजणीचे आकडे केवळ निव्वळ फरक दाखवितात. शंभर मतदार इकडून तिकडे आणि शंभर तिकडून इकडे गेले, तर आकडा जागचा हलत नाही. तद्वतच, एखाद्या गावात स्त्रियांचे मतदान वाढले व सत्तापक्षाची मतेही वाढली, एवढ्यावरून ती मते स्त्रियांचीच होती, हे सिद्ध होत नाही. समूहाच्या आकड्यांवरून व्यक्तीचे वर्तन ठरविण्यातील हा दोष रॉबिन्सन यांनी १९५० मध्येच दाखवून दिला आहे.

म्हणून संशोधक विद्यार्थ्याने मतदानकेंद्रनिहाय आकड्यांवर न थांबता त्याच मतदारांस दोन निवडणुकांत भेटावे, आणि पहिला प्रश्न 'तुम्ही का बदललात?' असा न विचारता 'तुमच्या मते काय बदलले?' असा विचारावा. बाजू बदलणारा मतदार बहुधा आपल्या मतांशी सुसंगतच वागतो, असा व्ही. ओ. की यांच्या १९६६ मधील ग्रंथाचा निष्कर्ष आहे. बुलढाण्याचा मतदार त्यास अपवाद आहे असे म्हणणाऱ्याने आधी पुरावा द्यावा. पक्षांनी जागा बदलली असता मतदारास चंचल ठरविणे, हा न्याय नव्हे. आणि ते शास्त्रही नव्हे.