अधोरेखित अक्षर

माझे मोठे बंधू बँकेत होते. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू आक्रसत गेली आणि सहा वर्षांपूर्वी पडद्यावरचा माऊसचा बाण त्यांना दिसेनासा झाला. संगणक मात्र त्यांनी सोडला नाही. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर शिकून घेतला आणि बँकेतल्या आठवणी लिहायला बसले. गेल्या चैत्रात मुलीकडे पुण्याला गेले. तिच्या घरी मॅक. दुसऱ्याच दिवशी मला फोन आला.

"अगं, केव्हाचा आल्ट दाबतोय. मेन्यू बोलतच नाही. मुका झालाय."

मी शाळेत मराठी शिकवलेली बाई. मला यातले काय कळणार? पण दादाचे पुस्तक अडले होते, म्हणून शोधायला लागले, आणि शोधता शोधता या विषयात गुंतले.

आधी एक भेद सांगायला हवा. कंट्रोल आणि एस दाबले की लिहिलेले जतन होते. हा शॉर्टकट, आणि तो पाठच असावा लागतो. मेन्यूचे तसे नाही. मेन्यू वाचता येतो; काय काय करणे शक्य आहे ते तो आपणहून सांगतो. म्हणून माऊस न वापरणाऱ्यासाठी खरा प्रश्न असा असतो, की कळफलकावरून मेन्यूच्या दारापर्यंत पोचायचे कसे, आणि आत शिरल्यावर चालायचे कसे.

दादाच्या बोटांना हे जुन्या काळापासून ठाऊक होते. बँकेत त्यांनी लोटस १-२-३ वर आकडेमोड केली. १९८३ साली आलेला हा कार्यक्रम माऊसशिवायच चालायचा. स्लॅशची तिरकी रेघ दाबली की वरच्या ओळीत शब्द यायचे: वर्कशीट, रेंज, कॉपी, मूव्ह, फाइल, प्रिंट... बाणाने एकेका शब्दावर जावे, किंवा त्याचे पहिले अक्षर दाबावे. करणाऱ्यांनी शब्दच असे निवडले होते की एका ओळीत दोन शब्दांचे आद्याक्षर सारखे येऊ नये. स्लॅश, डब्ल्यू, आय, आर म्हणजे नवी आडवी ओळ घाला. हीच अक्षरे एखाद्या खान्यात लिहून ठेवली की त्यांचा मॅक्रो होई. "आम्ही ते मंत्रासारखं म्हणायचो," दादा सांगतात. आजच्या एक्सेलमध्येही स्लॅश दाबून पाहा. वरची पट्टी जागी होते आणि तिच्यावर अक्षरे उमटतात.

पण प्रत्येक कार्यक्रमाचा मंत्र वेगळा होता. १९८७ मध्ये आयबीएमने 'कॉमन यूजर अ‍ॅक्सेस' नावाची नियमावली काढली आणि विंडोजने तिच्यातले बरेच काही उचलले. एफ-१० किंवा नुसते आल्ट दाबून सोडले की मेन्यूपट्टीवर जायचे. खालच्या बाणाने मेन्यू उघडायचा, उजव्या बाणाने पोटमेन्यूत शिरायचे, एस्केपने एक पायरी मागे यायचे. शिवाय प्रत्येक शब्दातल्या एका अक्षराखाली रेघ: आल्टबरोबर ते अक्षर दाबले की थेट तो मेन्यू. ती रेघ म्हणजे दारावरची पाटीच होती. विंडोज ९५ वापरणारा माणूस काही न शिकता, नुसता पडदा पाहत ही अक्षरे उचलत असे.

२००० साली आलेल्या विंडोज २००० ने ही रेघ लपवली. आल्ट दाबेपर्यंत ती दिसत नाही. पडदा स्वच्छ दिसावा हा हेतू समजू शकतो. पण ज्याला आल्ट दाबायचे असते हेच माहीत नाही, त्याला ती कधी दिसायची? मला हा निर्णय चुकीचा वाटतो. सोय अजून आहे: विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि त्यात कीबोर्ड या पानावर अक्षरे कायम अधोरेखित ठेवण्याचा पर्याय आहे. ज्यांचा हात दुखतो, कापतो, त्यांनी तो जरूर चालू करावा. ऑफिस २००७ मध्ये मेन्यूंच्या जागी रिबन आली तेव्हा वाटले होते, आता सगळेच संपले. पण आल्ट दाबताच प्रत्येक बटणाशेजारी अक्षर येऊ लागले, आणि एक्सेलमध्ये आल्ट, ई, एस हा 'पेस्ट स्पेशल'चा जुना मार्गही तसाच चालू राहिला. लोकांच्या बोटांतली सवय कोणीतरी जपली म्हणायची.

मॅकचे घराणे वेगळे. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या कळफलकावर बाणांच्या कळाच नव्हत्या. लोकांनी आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी माऊसकडे वळावे म्हणून त्या मुद्दाम वगळल्या होत्या. दोन वर्षांनी मॅकिंटॉश प्लसबरोबर त्या आल्या. मॅकच्या मेन्यूत शब्दांच्या उजवीकडे शॉर्टकट लिहिलेले असतात, पण अधोरेखित अक्षर नसते. दादाचा आल्ट मुका होता तो यामुळे. तिथे कंट्रोल आणि एफ-२ एकत्र दाबायचे. लॅपटॉपवर बहुधा एफएन ही कळही सोबत धरावी लागते. मग बाण चालतात, आणि हव्या त्या शब्दाची पहिली अक्षरे भराभर टाइप केली की मॅक उडी मारून त्या शब्दावर जातो. कमांड आणि एफ-५ ने व्हॉइसओव्हर हा मॅकचा स्वतःचा स्क्रीन रीडर चालू होतो. मग कंट्रोल, ऑप्शन आणि एम दाबूनही मेन्यूपट्टी गाठता येते.

मॅकची एक गोष्ट मात्र विंडोजने घ्यावी अशी आहे. कमांड, शिफ्ट आणि स्लॅश दाबले की 'हेल्प' मेन्यूत शोधाची चौकट उघडते. आज्ञेचे नाव लिहा. ती ज्या मेन्यूत दडली असेल तिथून समोर येते. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी एफ-१० चालतो. मात्र तिथे डेस्कटॉपचे प्रकार इतके, की एकाचा नियम दुसऱ्याला लागू होईलच असे नाही.

दादा आठवड्याभरात मॅकवर रुळले. मला मात्र वेगळाच किडा चावला. मराठी मेन्यूत कुठल्या अक्षराखाली रेघ मारायची? 'फाइल'मधला फ घेऊ. इनस्क्रिप्टमध्ये फ हा इंग्रजी एचच्या कळीवर, तोही शिफ्टसह. म्हणजे आल्ट, शिफ्ट आणि एच. पण आल्ट-शिफ्ट ही तर विंडोजमध्ये भाषा बदलण्याची जुनी जोडी! शिवाय टंकलेखन यंत्राच्या मांडणीवर फ वेगळ्या जागी, आणि रोमनमधून मराठी लिहिणाऱ्यांकडे फची कळच नाही. जपानी आणि चिनी भाषांतरकारांनी शब्दापुढे कंसात रोमन अक्षर ठेवून वाट काढली. लिनक्सवरच्या मराठी भाषांतरांतही तेच दिसते: आधी 'फाइल', पुढे कंसात एकटा रोमन एफ. काम भागते. पण इंग्रजी शब्द माहीत नसलेल्याला तो एफ कुठून आला हे कसे कळावे?

मी हे दादाला फोनवर सांगितले. ते म्हणाले, "कळ कुठली ते राहू दे. लोटसवाल्यांसारखे शब्दच वेगवेगळ्या अक्षरांचे घेऊन बघ." मग आम्ही बसलो. धारिका, बदल, दृश्य, घाला, मांडणी, साधने, खिडकी, मदत.

"मांडणी आणि मदत, दोन्ही म," मी म्हटले.

"मदतीला साहाय्य म्हण."

"मग साधने आणि साहाय्य, दोन्ही स."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मागे व्हॉइसओव्हरचा आवाज बारीक चालू होता.

"मांडणीला रचना म्हणू," दादा म्हणाले. "आता धारिकेच्या आत जा. नवीन, उघडा, साठवा, छापा, बंद. आणि 'दुसऱ्या नावाने साठवा' आहे ना, त्याला एकच शब्द शोध."

तो अजून सापडलेला नाही.