माळरान वाचवायचे, तर आराखड्यात हवामानाला जागा हवी

कळंब (ता. इंदापूर) : नीरा नदीच्या काठावरील कळंब परिसर उसाच्या हिरवाईसाठी ओळखला जातो. मात्र, इंदापूर आणि शेजारच्या बारामती तालुक्यातील ज्या भागात कालव्याचे पाणी पोहोचले नाही, तेथे मुरमाड, गवताळ माळराने आजही टिकून आहेत. चिंकारा, लांडगा, खोकड, तरस आणि माळावरील पक्ष्यांचे हे घर आहे. बदलत्या हवामानात हे घर कसे राखायचे, हा प्रश्न आता वन्यजीव व्यवस्थापनापुढे उभा आहे.

बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ अवघे ५.१४ चौरस किलोमीटर आहे. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचे माळरान वन विभागाच्या ताब्यात असले, तरी त्यास अभयारण्याचा दर्जा नाही. चिंकारा आणि लांडगा हे दोन्ही प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मात्र, त्यांचा वावर अभयारण्याच्या हद्दीपुरता मर्यादित नसून पडीक जमिनी, गायराने आणि ज्वारी-बाजरीच्या शेतांतूनही असतो.

अभयारण्याचे व्यवस्थापन मंजूर आराखड्यानुसार करावे, अशी स्पष्ट तरतूद कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने केली आहे. असा आराखडा साधारणपणे दहा वर्षांसाठी केला जातो. येत्या दहा वर्षांतील पाऊसपाणी मागील दहा वर्षांसारखेच राहील, हे गृहीतक त्यामागे असते. नेमके तेच आता डळमळीत झाले आहे.

दुष्काळ आणि अतिवृष्टी

हा भाग पर्जन्यछायेत येतो. वर्षाकाठी सरासरी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस होतो. दुष्काळ येथे नवा नाही. १९७२, २०१२-१३ आणि २०१८-१९ मधील टंचाई लोकांच्या स्मरणात आहे. परंतु, ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीने इंदापूर तालुक्यातील ओढ्यांना पूर आणला आणि २०२५ मध्ये मे महिन्यातच बारामती-इंदापूर परिसराला मुसळधार पावसाने झोडपले. एकूण पाऊस तोच राहिला, तरी तो मोजक्या दिवसांत कोसळला, तर मुरमाड जमीन त्याचे पाणी मुरवू शकत नाही. वरचा पातळ थर वाहून जातो आणि गवताचे बी त्याबरोबर जाते.

गवत गेले, की चिंकाऱ्याचे पाणीही जाते. हा प्राणी गवत, पाला आणि फळांतील ओलाव्यावर दीर्घकाळ तग धरतो. उन्हाळ्यात टँकरने पाणवठे भरणे आवश्यक असले, तरी तो तात्पुरता उपाय आहे. शिवाय मोजक्या पाणवठ्यांवर प्राणी एकवटले, की भटक्या कुत्र्यांचे फावते.

झाडे लावणे हेच उत्तर नव्हे

हवामान बदलावर उपाय म्हटला, की वृक्षलागवड पुढे येते. माळरानावर मात्र ती अपायकारक ठरू शकते. सरकारी दप्तरी माळराने अनेकदा 'पडीक' म्हणून नोंदली गेली आणि त्यांवर ग्लिरिसिडिया, सुबाभूळ यांसारखी झाडे लावली गेली. उघड्या माळावर दूरवर नजर ठेवून जगणाऱ्या चिंकाऱ्याला आणि जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांना दाट झाडी मानवत नाही. गवताळ प्रदेशातील कार्बन मुख्यत्वे मुळांत आणि मातीत साठलेला असतो. त्यामुळे चर खोदून माळ उलथणे, हे हवामानाच्या दृष्टीनेही तोट्याचे ठरू शकते. कमी पाण्यावर फोफावणारी वेडी बाभूळ हा आणखी एक धोका आहे.

तीन पर्याय

जगभरातील उद्यान व्यवस्थापक आता तीन पर्यायांचा विचार करतात. बदल रोखणे, तो स्वीकारणे किंवा त्याला हवे ते वळण देणे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने ही मांडणी अंगीकारली आहे. येथील माळरानांना ती लागू करता येते. वेडी बाभूळ काढणे आणि उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा आखणे, हे रोखणे झाले. काही वर्षी गवत कमीच येणार, हे मान्य करून त्या वर्षी चराईचे क्षेत्र व काळ मेंढपाळांशी बोलून ठरवणे, हा स्वीकार झाला. पवना, मारवेल अशा स्थानिक गवतांचे बी राखून उजाड पट्ट्यांत पेरणे, हे वळण देणे झाले.

तथापि, ५.१४ चौरस किलोमीटरच्या हद्दीत राहून हे साधणार नाही. टंचाईत प्राण्यांना दुसऱ्या माळाकडे सरकता आले पाहिजे. त्यासाठी मधली गायराने व पडीक पट्टे मोकळे राहावे लागतील. या जमिनी महसूल विभाग, ग्रामपंचायती आणि शेतकऱ्यांच्या हाती आहेत. त्यामुळे या आराखड्यात वन विभागाबरोबर त्यांनाही स्थान मिळणे गरजेचे आहे. पाऊस, गवत आणि प्राणी यांच्या नोंदी दरवर्षी एकत्र तपासून आराखड्यात दुरुस्ती करण्याची सोयही हवी. अन्यथा आराखडा कागदावर दहा वर्षे टिकेल; माळावरचे गवत टिकेलच, याची खात्री मात्र देता येणार नाही.