शीतक-तापमानाचा संवेदक : दोषनिदान व बदल

कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या मोटारीत हवा व पेट्रोल यांच्या मिश्रणाचे प्रमाण यांत्रिक योजनेने ठरत असे. हिवाळ्यातील सकाळी चालक हाताने चोक ओढी आणि एंजिन तापल्यावर तो आत ढकली. एंजिन गार आहे की तापले आहे याचा निर्णय माणूसच करीत असे. जर्मनीतील बॉश या संस्थेची इलेक्ट्रॉनिक इंधनक्षेपणाची पद्धती १९६७ साली फोक्सवॅगन १६०० या गाडीत बसविली गेली, तेव्हापासून हा निर्णय हळूहळू यंत्राकडे गेला. भारतात या स्थित्यंतरास गती आली ती उत्सर्जनाच्या निर्बंधांमुळे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ मधील आदेशानुसार १ एप्रिल २००० पासून दिल्ली परिसरात युरो-२ दर्जाच्या मोटारींचीच नोंदणी होऊ लागली, आणि कार्ब्युरेटरचे दिवस संपले. त्या पिढीतील ज्या गाड्या आज रस्त्यावर आहेत त्या जुन्या झाल्या असून त्यांच्या संवेदकांचे दोष हा गॅरेजांतील नित्याचा विषय बनला आहे. प्रस्तुत लेखात अशा एका संवेदकाचा, म्हणजे शीतकाचे (व्यवहारातील कुलंटचे) तापमान मोजणाऱ्या संवेदकाचा, विचार करावयाचा आहे.

संवेदकाचे कार्य

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनी प्रमाणात सुमारे १४.७ भाग हवेस १ भाग पेट्रोल लागते. एंजिन गार असताना पेट्रोलचे बाष्पीभवन नीट होत नाही. त्याचा काही अंश द्रवरूपाने भिंतींवर साचतो आणि ज्वलनास उपयोगी पडत नाही. म्हणून गार एंजिनास अधिक पेट्रोल द्यावे लागते, आणि एंजिन तापत जाईल तसतसे ते कमी करावे लागते. किती कमी करावयाचे हे नियंत्रक शीतकाच्या तापमानावरून ठरवितो. ही बातमी चुकली तर पुढील सर्व गणित बरोबर असूनही उत्तर चुकते.

संवेदक म्हणजे पितळी कवचात बसविलेला थर्मिस्टर होय. तापमान वाढले की याचा विद्युत्‌रोध घटतो. रोधाचा लॉगरिथम हा निरपेक्ष तापमानाच्या व्यस्तांकाशी जवळजवळ सरळ रेषेत बदलतो. बॉशच्या सर्वत्र आढळणाऱ्या नमुन्यात ० अंश सेल्सिअसला सुमारे ५,९०० ओहम, २० अंशांस २,५००, ४० अंशांस १,१७५, ६० अंशांस ५९६, ८० अंशांस ३२३ आणि १०० अंशांस १८७ ओहम असा रोध असतो. इतर उत्पादकांचे आकडे थोडे निराळे असले, तरी वक्राचे रूप तेच राहते.

नियंत्रक रोध थेट मोजीत नाही. तो ५ व्होल्टचा दाब आपल्या अंगच्या एका ठरीव रोधातून संवेदकास पुरवितो आणि संवेदकाच्या दोन टोकांमधील दाब वाचतो. हा ठरीव रोध उदाहरणादाखल २,५०० ओहम धरला, तर २० अंशांस नियंत्रकास २.५ व्होल्ट आणि ८० अंशांस सुमारे ०.५७ व्होल्ट दिसतील. वायर तुटली तर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात, आणि नियंत्रक त्याचा अर्थ उणे ४० अंशांच्या आसपासचे तापमान असा करतो. दोन वायरी एकमेकींस चिकटल्या तर दाब शून्यावर येतो आणि एंजिन असंभाव्य इतके तापल्याचा समज होतो.

सांकेतिक क्रमांकाचा अर्थ

तुटलेली वा चिकटलेली वायर हा दोष ढोबळ असल्याने नियंत्रक तो ओळखतो व नोंदवितो. अमेरिकेत १९९६ च्या नमुन्यांपासून सक्तीच्या झालेल्या सामान्य पद्धतीत पी ०११७ हा क्रमांक दाब अतिशय कमी असल्याचा आणि पी ०११८ हा दाब अतिशय जास्त असल्याचा निदर्शक आहे. भारतात अशा स्वयंनिदानाची सक्ती २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांत प्रत्येक उत्पादकाचे संकेत वेगळे असून काहींत ते दिव्याच्या उघडझापीवरून मोजावे लागतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पी ०११८ हा क्रमांक मंडलाविषयी विधान करतो, सुट्या भागाविषयी नव्हे. दाब जास्त आहे एवढेच त्यात सांगितलेले असते. संवेदक फुटला आहे, प्लग निसटला आहे की वायर उंदराने कुरतडली आहे, याविषयी तो मौन पाळतो. क्रमांक वाचून लगेच नवा संवेदक आणणे म्हणजे लक्षणालाच कारण समजणे होय.

मर्यादेच्या आतील असत्य

याहून अवघड प्रसंग म्हणजे क्रमांक मुळीच न उमटणे. प्लगच्या पितळी पात्यांवर गंज चढून जोडात ५०० ओहमचा अवांतर रोध निर्माण झाला आहे, असे समजावे. सकाळी २० अंशांस नियंत्रकास २,५०० ऐवजी ३,००० ओहम दिसतात आणि तो तापमान सुमारे १६ अंश आहे असे मानतो. चूक अवघी चार अंशांची होते, व गाडी नेहमीप्रमाणे सुरू होते. पुढे एंजिन ८० अंशांवर पोचते. आता ३२३ ऐवजी ८२३ ओहम दिसतात, आणि नियंत्रकाच्या मते तापमान ५० अंशांच्या वर जात नाही. चूक तीस अंशांची झाली.

याचे कारण वक्राच्या रूपात आहे. २० अंशांजवळ तापमानातील एका अंशाच्या फरकाने रोध सुमारे १०० ओहमने बदलतो, तर ८० अंशांजवळ तो केवळ ९ ओहमने बदलतो. त्यामुळे तोच अवांतर रोध गार स्थितीत नगण्य आणि तप्त स्थितीत घातक ठरतो. दोन्ही आकडे संभाव्य मर्यादेत बसत असल्याने नियंत्रकास शंका येत नाही. तो तापलेल्या एंजिनास अर्धवट गार एंजिनाचे पेट्रोल पाजीत राहतो. पेट्रोलचा खप वाढतो, स्पार्क प्लग काजळतात, धुरातील कार्बन मोनॉक्साइड वाढतो. दीर्घकाळ असे चालले तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन काढते आणि उत्प्रेरक परिवर्तक अतितप्त होऊन निकामी होऊ शकतो. ऑक्सिजन-संवेदकाच्या साह्याने मिश्रण दुरुस्त करणाऱ्या गाड्यांत ही चूक काही अंशी झाकली जाते. परंतु अमुक तापमान गाठल्यावाचून ती दुरुस्ती सुरूच होणार नाही अशी योजना असेल, तर खोट्या तापमानामुळे उपायही लांबणीवर पडतो.

निदानाचा क्रम

आरंभी एक शक्यता वगळावी लागते. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर एंजिन खरोखरच तापत नाही, आणि बिचारा संवेदक सत्यच सांगत असतो. स्वतंत्र तापमापकाने शीतकाचे तापमान पाहून याचा निकाल लावता येतो. डॅशबोर्डवरील काट्यावर मात्र विसंबता येत नाही, कारण पुष्कळ जुन्या गाड्यांत त्याचा संवेदक निराळा असतो.

दुसरी परीक्षा विनासायास होणारी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत शीतक, आत येणारी हवा आणि भोवतालचे वातावरण यांचे तापमान समान असले पाहिजे. स्कॅनरवर त्यांत मोठी तफावत दिसल्यास दोष मापनात आहे. मात्र वरील उदाहरणातील दोष या परीक्षेतून सहज निसटेल. म्हणून तप्त स्थितीतील परीक्षा टाळता येत नाही.

तिसरी परीक्षा दाबाची आहे, आणि ती प्लग काढण्यापूर्वीच केली पाहिजे. प्लग ओढून पुन्हा बसविताना पाती एकमेकींवर घासतात, गंजाचा थर फाटतो, आणि ज्या दोषाचा शोध घ्यावयाचा तोच पुसला जातो. प्लगच्या मागील बाजूने बारीक सुया घालून संवेदकाच्या स्वतःच्या टोकांमधील दाब मोजावा. नंतर नियंत्रकाच्या टोकांशी मोजावा. वरील उदाहरणात ८० अंशांस पहिला सुमारे ०.४९ व पुढला सुमारे १.२४ व्होल्ट भरेल. मधला पाऊण व्होल्ट जोडांत वा वायरिंगमध्ये खर्च झाला आहे. दोष जोडातच असला तर संवेदक निर्दोष ठरला.

यानंतर इग्निशन बंद करून प्लग काढावा व संवेदकाचा रोध मल्टिमीटरने मोजून उत्पादकाच्या कोष्टकाशी ताडावा. एकाच तापमानावरील मोजणी पुरेशी नाही. गार, कोमट व तप्त अशा तीन स्थितींत ती घ्यावी. शेवटी संवेदकाच्या जागी ३३० ओहमचा साधा रोध जोडून इग्निशन चालू केले असता स्कॅनरवर ७९ अंशांच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. दिसल्यास वायरिंग व नियंत्रक दोन्ही ठीक आहेत आणि संशय संवेदकापुरता उरतो.

बदल

संवेदकच सदोष ठरला तर बदलण्याचे काम सोपे आहे, परंतु ते एंजिन पूर्ण गार झाल्यावरच करावे. तप्त रेडिएटरमधील शीतक दाबाखाली असते. टोपण उघडताच ते उसळून गंभीर भाजण्याची भीती असते. संवेदकाच्या पातळीखाली येईल इतके शीतक काढून घ्यावे, प्लग वायर न ओढता त्याच्या अंगास धरून काढावा आणि संवेदक पान्याने सोडवावा. नवा संवेदक नव्या वॉशरसह प्रथम हातानेच बसवावा. एंजिनाचे माथे ॲल्युमिनियमचे असते. तिरपा शिरलेला पितळी आटा ते सहज बिघडवितो. पिळाचे मान उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. शीतक पुन्हा भरताना अडकलेली हवा बाहेर काढणे आवश्यक आहे, कारण संवेदकाभोवती बुडबुडा राहिल्यास नवाही चुकीचे तापमान सांगतो. त्यानंतर जुन्या नोंदी पुसून गार व तप्त अशा दोन्ही स्थितींत मोजणी पुन्हा करावी.

ही अखेरची मोजणी उपचार म्हणून करावयाची नाही. नवा संवेदक बसविल्यावर गाडी सुधारली म्हणजे जुना सदोष होता, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. पण बदलताना प्लगही हलविलेला असतो, पातीही घासलेली असतात. दोन गोष्टी एकदम बदलल्या असता श्रेय एकीस देणे हे तर्कास धरून नाही. काढलेला संवेदक पातेल्यातील पाण्यात तापमापकासह तापवून त्याचा रोध कोष्टकाशी ताडला, तरच निदानाची खातरजमा होते. तो निर्दोष निघाला तर खरा दोष अजून गाडीतच आहे, आणि काही महिन्यांनी गंज पुन्हा चढला की तो परत येईल.